एस्पेरांतो, आठ महिन्यांनंतर: आघात पक्का, ॲप कच्चं

एस्पेरांतो ही मुद्दाम रचलेली भाषा शिकायला वर्षाचे ९९९ रुपये भरून घेतलेलं ॲप परवा मोबाइलमधून काढून टाकलं. कारण एकच शब्द: फामिलीओ, म्हणजे कुटुंब. आघात, म्हणजे उच्चारातला जोर, शेवटून दुसऱ्या स्वरावर, इथे 'ली'वर हवा. ॲपमधला यांत्रिक आवाज 'मि'वर जोर देऊन 'फामिल्यो' म्हणतो. एस्पेरांतोतूनच १९०७ साली निघालेल्या इडो भाषेत हे चाललं असतं, एस्पेरांतोत नाही. तीनदा तक्रार केली. तिन्ही वेळा उत्तर एकच, ॲप अपडेट करा. पैसे बुडाले.

एका शब्दासाठी एवढं? हो. एस्पेरांतो रचणाऱ्या झामेनहोफनं १८८७ साली वॉर्साहून काढलेल्या पुस्तिकेतल्या १६ नियमांपैकी हा दहावा, आणि त्याला अपवाद नाही. म्हापशात मी मराठी मुद्रितं तपासते. माझा दिवस उपांत्य, म्हणजे शेवटून दुसऱ्या, इकार-उकारात जातो: गरीब, वकील दीर्घ, पण गुण, मधुर तत्सम म्हणून ऱ्हस्व. अपवादाविना उपांत्याचा नियम उमगला तेव्हा केवढा आनंद झाला होता! तो शिकवणाऱ्यांनीच मोडावा?

खरं तर सुरुवातीला मला हा नियम रटाळच वाटे. शेजारच्या माई पोर्तुगीज अमदानीत शाळा शिकलेल्या. त्यांनी पोर्तुगीजमधलं 'साबिया' तीन तऱ्हांनी म्हणून दाखवलं: जोर 'सा'वर तर शहाणी बाई, 'बि'वर तर 'ठाऊक होतं', शेवटी तर एक पक्षी. त्यापुढे एस्पेरांतो कोरडी वाटली.

मत बदललं ते भराभर बोलणाऱ्यांना ऐकताना. दोमो म्हणजे घर, जोर 'दो'वर. अनेकवचनाचा य आणि कर्माचा न लागून 'दोमोय्न' झालं तरी स्वर वाढत नाही, म्हणून जोर जागचा हलत नाही. घरकुल म्हणायला 'दोमेतो' केलं की तो 'मे'वर सरकतो. जोर ऐकू आला की पुढे एकच स्वर, मग शब्द संपला. अनोळखी शब्दसुद्धा कुठे तुटतो ते कळतं. फक्त कवितेत नामाचा शेवटचा ओ गाळतात, पण जोर तिथेही मूळ जागीच राहतो. 'होदिआउ' (आज) मात्र मी चार महिने चुकीचं म्हणत होते. शेवटचा उ अर्धस्वर, तो मोजायचा नाही. जोर 'दि'वर.

नियमांची पुस्तिका फुकट मिळते, तेवढी पुरे. पैसे परत मागणारं चौथं पत्र आज पाठवलं. सोबत यादी जोडली: फामिलीओ, रादीओ, हिस्तोरीओ. तिन्हींत 'ई'खाली रेघ मारून.