बंद पडलेला होम सर्व्हर: तोच जुना मदरबोर्ड की नव्या पिढीचा?

आधी दोष बोर्डाचाच आहे याची खात्री करा. दुसरा पॉवर सप्लाय लावून, एकच रॅम ठेवून पाहा. नुसता पंखा फिरला म्हणजे व्होल्टेज ठीक आहे असं नाही.

त्याच मॉडेलचा वापरलेला बोर्ड मिळाला तर प्रोसेसर, रॅम, कूलर सगळं तसंच बसतं. पण त्या बोर्डाचंही वय झालेलं असतं, आणि तो पुढे किती टिकेल हे कोणी सांगू शकत नाही.

नव्या पिढीचा बोर्ड म्हणजे बहुतेकदा प्रोसेसर आणि रॅमही नवी. जुन्या पिढीच्या रॅमची (डीडीआर४) पट्टी नव्या पिढीच्या (डीडीआर५) स्लॉटमध्ये बसतच नाही. खर्च वाढतो. डेटाची धास्ती मात्र वाटते तेवढी नको: रेड म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडून वापरणं; झेडएफएस (हेच काम करणारी फाइल सिस्टिम) किंवा लिनक्सचा सॉफ्टवेअर रेड या जोडणीची माहिती डिस्कवरच लिहून ठेवतो, त्यामुळे नव्या बोर्डावरही तो ओळखला जातो. अडतं ते नेटवर्कपाशी. नव्या बोर्डावर सिस्टिममधलं नेटवर्क कार्डाचं नाव बदलू शकतं, मग जुनी सेटिंग त्याला लागू होत नाही आणि सर्व्हर चालू असूनही सापडत नाही, म्हणून पहिल्यांदा मॉनिटर आणि कीबोर्ड जोडाच.

मी नवा बोर्ड घेईन. रेड बोर्डाच्या बायोसमधून (बोर्डातल्याच सुरुवातीच्या सॉफ्टवेअरमधून) केलेला असेल, तर तो दुसऱ्या बोर्डावर ओळखला जाईलच असं नाही; तेव्हा मात्र आधी त्याच मॉडेलचा जुना बोर्ड शोधेन.