कुत्रा पलंगावर की पलंगाशेजारी?

डिसेंबरात नाशिकचा पारा दहाच्या खाली उतरला, की पायाशी झोपलेला कुत्रा म्हणजे फुकटची शेगडी. त्याच्या अंगाचं तापमान मुळातच ३८ ते ३९ अंश. आमची चिंगी, गावठीच, पिल्लू असताना अशीच गोधडीत शिरली आणि दोन वर्षं तिथंच राहिली. आता ती पलंगाशेजारी तिच्या गादीवर झोपते. दोन्ही करून बघितलंय, म्हणून सांगते.

पलंगावर घेतलं तर ऊब मिळते, एकट्या माणसाला सोबत होते. पण झोप तुटते. कुत्रा आपल्यासारखा रात्रभर सलग झोपत नाही. मध्येच उठणार, गोल गोल फिरणार, चादर खरडणार, मग उसासा टाकून पुन्हा पडणार. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकनं २०१७ साली ४० जणांच्या झोपेचा अभ्यास प्रसिद्ध केला. अंथरुणात घालवलेल्या वेळातली खरी झोप, कुत्रा खोलीत पण खाली असताना ८३ टक्के भरली, तो पलंगावर असताना ८०. फरक लहानच, पण पहाटे उठून डबे करणाऱ्या बाईला विचारा.

आमचं बिनसलं ते मात्र वेगळ्याच कारणानं. एका रात्री ह्यांनी कूस बदलली आणि अंधारात ‘गुर्रर्र’ ऐकू आलं. पलंगावर घेतलं की कुत्रा स्वतःला घरचा मालक समजतो म्हणतात, त्यात काही अर्थ नाही. त्याला उबेची जागा सोडायची नसते, एवढंच. अशा वेळी ओरडू नका. गुरगुरणं हा इशारा असतो. तो दाबला, तर पुढच्या वेळी न सांगताच दात लागतो. आम्ही तिला ‘खाली’ म्हटलं की उतरायला शिकवलं, उतरली की पनीरचा तुकडा. ज्याला असं उतरता येत नाही, त्याला वर घेऊच नये.

गोचिडाचं औषध, जंताचं औषध, दरवर्षी रेबीजची लस हे कुठंही झोपवलं तरी हवंच. पण पावसाळ्यात सोमेश्वरच्या बाजूला फिरवून आणलेल्या कुत्र्याच्या बोटांच्या बेचक्या एकदा उघडून बघा, मग चादरीचा विचार करा. घरात तान्हं बाळ किंवा दम्याचा पेशंट असेल तर विचारही नको. म्हाताऱ्या कुत्र्याला तर पलंगावरून उडी मारणंच सांध्यांना जड जातं. एप्रिलच्या उकाड्यात तो आपणहून फरशी गाठतो, तेव्हा हा प्रश्नच उरत नाही.

माझं मत शेजारच्या गादीला. दाराबाहेर मात्र नको. गादीवर आपल्या वासाची जुनी गोधडी टाका. पहिल्या पाच रात्री चिंगी पलंगाच्या कडेला हनुवटी टेकून माझ्याकडे बघत राहायची, आणि मी एक हात खाली सोडून झोपायचे. जानेवारीत एखाद्या पहाटे अजूनही येते. आधी एकच पाय वर ठेवते आणि माझ्या ‘ये’ची वाट बघते.