बडोद्याला नातवंडं: आईबाबांसोबत पंधरा दिवस, की एकटी सहा आठवडे?

दर मार्चमध्ये न्यू जर्सीहून दादाचा दांडियाबाजारच्या घरी फोन येतो: "यंदा सगळे येऊ, की पोराला एकट्यालाच पाठवू?" आमचं दोन्ही करून झालंय.

सगळे आले की घर भरतं, पण पंधरातले चार दिवस झोपेची घडी बसण्यात जातात, दोन बँकेत, दोन दातांच्या डॉक्टरकडे. उरलेले जेवणावळीत. आजीचं सगळं लक्ष लेकावर, आणि नातू तिच्याशी बोलतो तो वहिनीला मधे घालून. तिकिटं चार. मात्र आजीच्या औषधपाण्याचं, घराच्या वाटणीचं समोरासमोर बोलणं होतं. आजी-आजोबा आजारी असतील तर दुसरा विचारच नको.

एकटा आला तेव्हा तो सतराचा होता. त्यांना सुट्टी जुलै-ऑगस्टात, म्हणजे इथे ऐन पाऊस. नवरात्रात तर त्यांची शाळा भरात, त्यामुळे गरबा विसरा. पहिला आठवडा पोट बिघडलेलं, रात्री रडून फोन. मग आईने पिशवी देऊन खंडेराव मार्केटला पिटाळला. कोथिंबीर सांगितली होती, मेथी घेऊन आला. पुन्हा गेला. तिथून गाडी रुळावर आली. निघताना "जातो" म्हटलं की आई दारातून ओरडायची, "येतो म्हण!"

एके दुपारी माळ्यावर त्याला दादाची दहावीची गुणपत्रिका सापडली. गणितात ३८. वहिनी सांगते, तेव्हापासून तिकडची अभ्यासावरची भाषणं थांबलीत.

झळ बसते ती आजीला. चौऱ्याहत्तराव्या वर्षी सहा आठवडे दोन्ही वेळचा स्वयंपाक, आणि पोरगं स्कूटरवर बाहेर गेलं की जिवाला घोर. स्वयंपाकाला बाई लावा, पैसे तिकडून येऊ द्या.

कागदांचं: जन्म बडोद्याचा असला तरी अमेरिकन पासपोर्टवर व्हिसा किंवा ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं कार्ड) लागतंच. ओसीआय वयाची वीस वर्षं व्हायच्या आत काढलं असेल, तर वीस पूर्ण झाल्यावर नवा पासपोर्ट मिळाला की एकदा बदलून घ्यावं लागतं. अठराच्या आतला एकटा येत असेल तर आईवडिलांच्या सहीचं नोटरी केलेलं संमतिपत्र जवळ असू द्या.

माझं मत: दहा-बाराचं असेपर्यंत सगळ्यांनी या. सोळाच्या पुढे एकटं पाठवा, शेवटच्या आठवड्यात बापाने न्यायला यावं.

यंदा दादा तसाच येतोय. गुणपत्रिका आईने कपाटात कुलूप लावून ठेवलीय.