भाडेकरू बदलतानाचा ‘रिकामा’ महिना आणि प्रॉपर्टी मॅनेजरची हातचलाखी

पुण्याच्या वाकड-हिंजवडी पट्ट्यातल्या कितीतरी फ्लॅटचे मालक नागपूरला, बंगळुरूला नाहीतर थेट अमेरिकेत असतात आणि किल्ली मॅनेजरकडे. वर्षभर तो सरळ वागतो. हात मारतो तो जुना भाडेकरू निघून नवा येईपर्यंतच्या तीन-चार आठवड्यांत.

ठरलेली चाल अशी: रंग, साफसफाई, गिझर म्हणून जुन्या भाडेकरूच्या डिपॉझिटमधून पंचवीस-तीस हजार कापायचे आणि त्याच कामाचं बिल मालकालाही लावायचं. दोघांचं एकमेकांशी बोलणं नसतं, म्हणून हे खपतं. डिपॉझिट मॅनेजरच्याच खात्यात असेल तर विचारायलाच नको.

रंगाचं बिल नीट वाचा. 600 चौरस फूट कार्पेटच्या घरात भिंती आणि छत मिळून साधारण 1,800 ते 2,000 चौरस फूट भरतात. इमल्शनच्या दोन हातांना 20 लिटरची एक बादली जवळपास पुरते. बिलात तीन बादल्या असतील तर उरलेल्या दुसऱ्या कोणाच्या तरी भिंतीवर गेल्या. ‘पुट्टी, प्रायमर, दोन कोट’ लिहून नुसती खिळ्यांची भोकं बुजवणं तर नेहमीचंच. व्हिडिओ कॉलवर मोबाईलचा टॉर्च भिंतीला टेकवून तिरका मारायला सांगा, ठिगळं लगेच उठून दिसतात. ‘गिझर बदलला’ म्हणजे अनेकदा आतले एलिमेंट आणि थर्मोस्टॅट एवढे सुटे भागच बदललेले असतात. जुन्या-नव्या दोन्ही गिझरच्या सिरीयल नंबरच्या पट्टीचा फोटो मागा.

पुढचा डल्ला भाड्यावर. ‘अजून गिऱ्हाईक मिळेना’ असं सांगतात आणि आत नवं बिऱ्हाड केव्हाच आलेलं असतं. ग्राहक क्रमांक टाकून महावितरणच्या ॲपवर युनिट बघा. बंद घराचं रीडिंग जेमतेम हलतं. त्या महिन्यात 140 युनिट जळली असतील तर कोणीतरी राहतंय.

भाडं 28,000 घेऊन मालकाला 24,000 सांगणंही चालतं. त्यासाठी करार नोंदवायचाच टाळतात, नोटरीवर भागवतात. नोंदणी झालेली असेल तर नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर इंडेक्स टू (नोंदवलेल्या दस्ताचा सारांश) काढा, त्यात भाडं आणि डिपॉझिट दोन्ही दिसतं. झालेली नसेल तर पंचाईत मालकाचीच. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 नुसार नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय वाद झाला तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगेल त्याच अटी धरल्या जातात.

कुलमुखत्यारपत्र द्यायचंच तर करारावर सही करण्यापुरतं द्या, पैसे स्वीकारण्याचा अधिकार त्यात नको. डिपॉझिट थेट मालकाच्या खात्यात यावं आणि तिथूनच परत जावं. जुना भाडेकरू निघताना वीज आणि गॅस मीटरचं रीडिंग व्हिडिओवर घ्या, प्रत्येक कपात रुपयांत लिहिलेल्या कागदावर त्याची सही घ्या आणि मगच चावी ताब्यात घ्या. त्याचा फोन नंबर मात्र मॅनेजरकडून घेऊ नका, करारावरचा वापरा.