फॉलिंग हेड परमिॲमीटर: रेताड मातीला झकास, खाडीच्या चिखलाला नको

मातीतून पाणी किती वेगाने झिरपतं, म्हणजे तिची पारगम्यता, नळीतल्या पाण्याची पातळी उतरायला लागणाऱ्या वेळेवरून मोजणारा संच. आयएस २७२० भाग १७ या माती चाचणीच्या भारतीय मानकाप्रमाणे बनवलेला. १०० मि.मी. व्यासाचा, १२७.३ मि.मी. उंचीचा साचा, म्हणजे लिटरभर माती. सोबत फळीवर तीन स्टँडपाइप, म्हणजे पाण्याच्या उभ्या नळ्या. कॅटलॉगात ‘सर्व प्रकारच्या मातीसाठी’ असं छापलंय. आमच्याकडे येतो नवी मुंबईच्या खाडीचा काळा चिखल आणि गोव्यातल्या लोहखनिज खाणींच्या टेलिंग पाँडमधला (खनिज काढून घेतल्यावर उरलेला गाळ साठवायच्या तळ्यातला) लाल गाळ.

रेताड मातीला यंत्र छान. मजबूत, कॉक घट्ट, अर्ध्या दिवसात काम उरकतं.

चिखलाचं गणित वेगळं. त्याची पारगम्यता सेकंदाला सेंटिमीटरचा एक कोटीवा भाग धरा. ५ मि.मी. बोअरच्या नळीतलं पाणी १०० सेंटिमीटरवरून ९० वर यायला नऊ तास लागतात, आणि तेवढ्यात नमुन्यातून जातं जेमतेम दोन मिलिलिटर. गॅस्केट जरा ओली दिसली की समजा, आपण मातीची नाही, गॅस्केटची पारगम्यता मोजतोय. सोबत आलेली रबरी गॅस्केट त्या लायकीची नाही.

त्याहून मोठी अडचण म्हणजे साच्यात भार देता येत नाही. मऊ माती दबते तशी तिची पारगम्यता झपाट्याने घसरते. भरावाखाली वर्षभराने पाणी किती वेगाने निघेल, हे रिपोर्टातल्या एका आकड्यावरून कसं कळणार? (क्लायंटला मात्र तो एकच आकडा हवा असतो.)

म्हणून मऊ मातीसाठी पैसे घालायचेच तर फिक्स्ड रिंगच्या कन्सॉलिडेशन सेलमध्ये घाला, म्हणजे कड्यात धरलेली माती भाराखाली दाबायच्या संचात, तळाला पाण्याची जोडणी असलेल्या. ६० मि.मी. व्यासाची, २० मि.मी. जाडीची चकती. प्रत्येक भाराचे २४ तास झाले की दीड मि.मी. बोअरची नळी जोडायची. तेवढीच घट वीस-बावीस मिनिटांत दिसते. व्हॉइड रेशो (e, पोकळ्यांचं घन कणांशी प्रमाण) आणि पारगम्यतेचा लॉगॅरिदम आलेखावर मांडला की बिंदू बहुतेक एका रेषेत बसतात. टेर्झागीच्या सूत्राने, cv (माती किती वेगाने दबते) आणि mv (भारागणिक किती दबते) वरून काढलेला पारगम्यतेचा आकडा मी फक्त पडताळ्याला ठेवते. cv कुठल्या पद्धतीने काढला त्यावर तो हलतो.

पाँडमधून नुकताच काढलेला पातळ गाळ मात्र रिंगमध्येही टिकत नाही. त्याला काचेचं उंच मोजपात्र पुरतं. वरचं पाणी नितळ होताना गाळाची रेघ सुरुवातीला ज्या वेगाने खाली जाते, त्याला (१+e) ने गुणून (Gs−१) ने भागा, की पारगम्यता मिळते. Gs म्हणजे मातीच्या कणांचं विशिष्ट गुरुत्व. फक्त Gs सवयीने २.६५ घेऊ नका. लोहखनिजाचा गाळ जड असतो, मोजूनच घ्या.