पतसंस्थेचा हप्ता पोस्टातून: आठ महिन्यांच्या वापरानंतर

पतसंस्थेची शाखा तालुक्याला, पोस्टमन मात्र वाडीपर्यंत येतो. म्हणून कर्जाचा हप्ता आणि आवर्त ठेव इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेच्या खात्यातून भरायची पद्धत आठ महिने वापरली. एसटीची खेप आणि बुडणारी मजुरी खरंच वाचते. पण सुरुवातीची जोडणी चुकली, तर सगळंच अडतं.

पतसंस्था ही बँक नव्हे, हे आधी डोक्यात पक्कं हवं. तिला स्वतःचा आयएफएससी, म्हणजे पैसे पाठवताना लागणारा बँक शाखेचा कोड, नसतो. पोस्टात तिचं पासबुक दाखवून काही होत नाही. पैसे जातात ते संस्थेच्या जिल्हा बँकेतल्या चालू खात्यावर. त्या खात्याचं नाव, क्रमांक आणि आयएफएससी संस्थेकडून लेखी घ्या. पैसे पाठवताना शेऱ्यात आपला कर्ज खाते क्रमांक लिहायलाच हवा. तो नसला की रक्कम कोणाची ते कळत नाही, ती संस्थेच्या अनामत खात्यात पडून राहते, इकडे हप्ता थकीत दिसतो आणि दंडव्याज लागतं. सर्वांत जास्त घोळ इथेच होतो.

पोस्टाच्या या पेमेंट्स बँकेचं खातं आधार आणि मोबाइलवर, शून्य शिलकीत उघडतं. उघडताना सरकारी अनुदान याच खात्यात हवं का, असं विचारतील. विचार करून हो म्हणा. एका आधारला अनुदानासाठी एकच खातं जोडलेलं राहतं, शेवटी जोडलेलं. लाडकी बहीण किंवा पीएम किसानचे पैसे मग इकडे वळतात, आणि जुन्या बँकेतून एखादा हप्ता आपोआप कापला जात असेल तर तो परत जातो. पतसंस्थेच्या खात्यात असं अनुदान येतच नाही, म्हणून ज्यांचा हप्ता या पैशांवर चालतो त्यांना ही जोडणी फार उपयोगी आहे.

या खात्याचा व्यवहार आधारशी जुळणाऱ्या बोटाच्या ठशावर होतो, पण शेतात, वीटभट्टीवर राबणाऱ्यांचे ठसे झिजतात. हात धुऊन, कोरडे करून दुसरं बोट लावून पाहा. आधारमध्ये दहाही बोटांची नोंद असते. तरीही जमलं नाही, तर आधार केंद्रात ठसे नव्याने द्यावे लागतात. आधारचं बायोमेट्रिक, म्हणजे ठशांचा वापर, लॉक केलेलं असेल तर आधी उघडा.

ठशावर पैसे काढताना रक्कम कापली गेली पण हातात आली नाही, तर पावती जपा. पाच दिवसांत परत आली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई मिळते. तक्रार 155299 वर करा. गावच्या शाखा डाकघरात रोकड बेताची असते. मोठी रक्कम हवी असेल तर आदल्या दिवशी सांगून ठेवा.

दिवसाअखेर या खात्यात 2 लाखांपर्यंतच शिल्लक राहू शकते, आणि पेमेंट्स बँकेला कर्ज देता येत नाही. त्यामुळे कर्जासाठी पतसंस्थाच लागते. रोजच्या वीस-पन्नास रुपयांच्या पिग्मीलाही पोस्टाचा मार्ग सोयीचा नाही, तिथे एजंटच बरा. आणि पोस्टाची पावती म्हणजे पतसंस्थेची पावती नव्हे. दर तीन महिन्यांनी पतसंस्थेचं पासबुक भरून घेऊन एकेक नोंद पडताळा.