तारामासा घ्यायचाय? आधी त्याचं जेवण बघा

खाऱ्या पाण्याची टाकी जरा स्थिरावली की तारामासा आणायची हौस येतेच. दुकानात तीन-चार प्रकार दिसतात आणि कुठल्याही प्रकाराबद्दल विचारा, उत्तर ठरलेलं: "याला काही घालावं लागत नाही, टाकीतलंच खातो." या उत्तरावर विसंबून मी एक तारामासा उपाशी मारलाय. म्हणून रंग नंतर बघा. आधी विचार करा, त्याचं जेवण तुमच्या हातात आहे का?

चॉकलेट चिप या बाबतीत सगळ्यांत सरळ. फिकट अंगावर गडद तपकिरी टेंगळं असतात, म्हणून हे नाव. हा उघड मांसाहारी. कोळंबी, तिसऱ्या, माकूल, काहीही चालतं. घरी कोळंबीला मीठ-हळद लागण्याआधीच दोन-चार बाजूला काढायच्या आणि बारीक तुकडे करून फ्रीजरमध्ये ठेवायच्या. दर दोन-तीन दिवसांनी हरभऱ्याएवढा तुकडा चिमट्याने त्याच्या एका हाताच्या टोकाखाली सरकवायचा. थोडा वेळ काहीच होत नाही. मग टोकाचे नलिकापाद, म्हणजे नळीसारखे बारीक पाय, चाचपडू लागतात आणि अख्खा प्राणी सावकाश तुकड्यावर चढून बसतो. तोंड खालच्या बाजूला. तिथून तो चक्क जठर बाहेर काढतो, तुकड्यावर पसरतो आणि बाहेरच पचवायला लागतो. काचेला चिकटून खात असेल तर ते पांढुरकं पोट स्पष्ट दिसतं.

अडचण आहे ती शेजाऱ्यांची. मासे आणि खेकडे तुकडा पळवतात. त्यावर श्रीखंडाच्या रिकाम्या, धुतलेल्या डबीला भोकं पाडायची, तारामासा आणि तुकडा दोन्हीवर ती उपडी घालायची आणि वर दगड ठेवायचा. तासा-दोन तासांनी डबी काढायची, उरलंसुरलं उचलायचं, नाहीतर पाणी बिघडतं. आणि टाकीत प्रवाळ असतील तर याचं नावच काढू नका. प्रवाळ, शिंपले, स्पंज, जे सापडेल त्यावर तो असाच बसतो.

वाळू उपसणारा, म्हणजे सँड-सिफ्टिंग स्टार, तो माझ्याकडे मेलेला. कोकणात ओहोटीच्या वाळूत दिसतात ते याच्याच गोतावळ्यातले. वाळूतले बारीक जीव तो गिळत जातो. सुरुवातीला वाळू अशी स्वच्छ होते की आपण खूश. लहान टाकीतला तो साठा काही महिन्यांत संपतो आणि तो गाडून बसलेला असल्यामुळे उपास आपल्याला दिसत नाही. माझ्या लक्षात आलं तेव्हा हातांची टोकं झडायला लागली होती. वाळूत कोळंबी पुरून पाहिली, पण उशीर झाला होता. मोठी, जुनी, जाड वाळूची टाकी नसेल तर हा घेऊ नये.

निळा लिंकिया देखणा आहे, यात वाद नाही. पण तो दगडांवरचा सूक्ष्म थर चाटत फिरतो आणि तो थर आपल्याला चिमट्याने भरवता येत नाही. घरच्या टाक्यांत बहुतेक लिंकिया वर्षही काढत नाहीत. सोडा.

प्रवाळ आहेत आणि तरी काहीतरी हवंच, तर ब्रिटल स्टार. खरं तर हा तारामाशाचा चुलतभाऊ, सापासारखे सडपातळ हात असलेला. दिवसभर दगडांच्या फटीत असतो. दिवे मालवले आणि पाण्यात खाणं पडलं की फटीतून एक-दोन हात वळवळत बाहेर येतात. माशांचं सांडलेलं तो वेचतो, शिवाय आठवड्यातून एक-दोनदा कोळंबीचा बारीक तुकडा फटीच्या तोंडाशी ठेवला की भागतं. "टाकीतलंच खातो" हे निम्मं-अर्धं खरं असेल तर याच्याच बाबतीत. मात्र हिरवा ब्रिटल टाळा. तो रात्री हातांवर अंग उचलून कमान करतो आणि खाली आडोशाला आलेला लहान मासा धरतो.

माझं मत विचाराल तर प्रवाळ नसलेल्या टाकीत चॉकलेट चिप, प्रवाळांच्या टाकीत काळा किंवा तपकिरी ब्रिटल. कुठलाही आणलात तरी टाकीचं पाणी थेंबथेंब मिसळत त्याला दोन-तीन तास सवय करा, क्षारतेतला झटका यांना सोसत नाही. टाकीत तांब्याचं औषधही नको.

गणपतीला आठ दिवस गावी गेलात तर चॉकलेट चिप सहज निभावतो. शेजाऱ्यांना किल्ली द्या, पण कोळंबीची डबी दाखवू नका. प्रेमाने मूठभर टाकतात. आमच्याकडे श्रावणातही ती डबी फ्रीजरमध्ये असते, वर चिठ्ठी लावलेली: "हे आमचं नाही, त्याचं."